चित्रकथांतील वीरांचे बदलते वेष



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर देवगिरीचा किल्ला, मलिक अंबरची नहर, बीबीचा मकबरा आणि पाठ्यपुस्तकातील सनावळ्या उभ्या राहतात. ते योग्यच आहे. आपले शहर, पूर्वीचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, या बाबतीत भाग्यवान आहे. परंतु इतिहास केवळ दगडांत आणि फर्मानांत असतो असे नव्हे. रद्दीच्या दुकानात किलोवर विकल्या जाणाऱ्या कागदांतही तो दडलेला असतो. प्रस्तुत लेखात अशाच एका कागदाकडे, म्हणजे मुलांच्या चित्रकथांकडे, ज्यांना आपण सर्रास कॉमिक्स म्हणतो त्यांच्याकडे, आपले लक्ष वेधण्याचा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत हा कसला विषय, असे काही पालकांच्या मनात येईल. त्यांची शंका रास्त आहे. तथापि एक गोष्ट त्यांनीही मान्य करावी. आपल्या पाल्याला अकबराचा राज्यारोहणाचा सन आठवत नाही, पण कोणत्या वीराच्या अंगात किती बळ आहे हे तो झोपेतूनही सांगतो. ज्या गोष्टीत मुलाचे मन रमले आहे तिथूनच त्याला इतिहासाकडे नेता आले, तर ते का नेऊ नये?

आठवीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, खरा सुपरमॅन कोणता? लाल चड्डीवाला की बिनचड्डीचा?" वर्गात हशा पिकला. मलाही हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकाच वीराची दोन रूपे समोर आली तर त्यांतले मूळ कोणते, नंतरचे कोणते, बदल कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे विचारणे म्हणजेच इतिहासाचा अभ्यास होय. कागदपत्रांच्या बाबतीत संशोधक हेच करतात. त्या मुलाने नकळत इतिहासकाराचा प्रश्न विचारला होता.

चित्रकार आपल्या काळाचे कपडे घालतो

वीराचा वेष बदलणे ही काही अमेरिकेत लागलेली नवी रीत नव्हे. आपल्या शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील १७ क्रमांकाच्या लेण्यात जातककथा रंगविल्या आहेत. त्या कथा चित्रांपेक्षा कितीतरी जुन्या; चित्रे मात्र पाचव्या शतकातली, वाकाटक राजवटीच्या काळातली. त्यांतील राजे, दासी, सैनिक आणि व्यापारी यांच्या अंगावर कोणते कपडे आणि दागिने आहेत? चित्रकारांनी आपल्या काळात डोळ्यांनी पाहिले तेच. म्हणूनच पाचव्या शतकातील वेशभूषेचा अभ्यास करणारे लोक अजिंठ्याला येतात. कथा जुनी, कपडे चित्रकाराच्या काळाचे, हा पहिला धडा होय.

दुसरे उदाहरण आपल्या घरांत पूर्वी ऐकल्या जाणाऱ्या दास्तानीचे घ्या. येथे एक खुलासा आवश्यक आहे. इतिहासातील हजरत हमजा हे पैगंबरसाहेबांचे काका, इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. दास्तानीतील अमीर हमजा हा मात्र कथाकारांनी शतकानुशतके वाढविलेला कल्पित वीर आहे. तो देवांशी, म्हणजे राक्षसांशी लढतो, परींच्या मुलुखात, काफच्या डोंगरात जातो, जादूगारांचे तिलिस्म फोडतो. दोघांची गल्लत करू नये.

बादशहा अकबराने सुमारे १५६२ ते १५७७ या काळात या दास्तानीची प्रचंड चित्रमालिका करवून घेतली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या उस्तादांच्या देखरेखीखाली कापडावर सुमारे १४०० मोठी चित्रे तयार झाली. त्यांपैकी थोडीच आज जगातील निरनिराळ्या संग्रहालयांत उरली आहेत. त्या चित्रांत अरबस्तानातला हमजा मोगली थाटात वावरताना दिसतो. अंगात जामा, कमरेला पटका, मागे लाल दगडाच्या इमारती. चित्रकारांनी अरबस्तान पाहिले नव्हते. त्यांनी बादशहाचा दरबार पाहिला होता.

पोशाखाबरोबर हमजाची कथाही फुगत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ती उर्दूत छापावयास घेतली, तेव्हा तिचे एकूण ४६ खंड झाले. हमजाच्या मित्राजवळ, अमर अय्यारजवळ, जंबील नावाची झोळी असे. तिच्यात शहरेच्या शहरे मावत. ऐकणाऱ्याने रोज नवा चमत्कार मागावा आणि सांगणाऱ्याने तो पुरवावा, अशा रीतीने वीराची शक्ती वाढत जाते. आजच्या चित्रकथांचे रहस्यही याहून वेगळे नाही.

एक फर्लांगाची उडी

आता सुपरमॅनकडे वळू. अमेरिकेत जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो अवतरला. जेरी सीगल याने तो लिहिला, जो शूस्टर याने तो काढला. दोघेही परदेशातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतले, तेवीस-चोवीस वर्षांचे तरुण होते. आज मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण त्या पहिल्या सुपरमॅनला उडता येत नव्हते. तो उडी मारी. ती उडी एक अष्टमांश मैलाची, म्हणजे आपल्या जुन्या मापात बरोबर एक फर्लांगाची होती. वीस मजली इमारत तो ओलांडी, आगगाडीपेक्षा वेगाने धावे. परंतु त्याचे कातडे अभेद्य नव्हते. तोफगोळा फुटला तर त्याला इजा होऊ शके.

मग तो उडू कसा लागला? १९४० मध्ये त्याची नभोवाणीवर मालिका सुरू झाली आणि १९४१ पासून फ्लायशर बंधूंच्या चित्रशाळेने त्याचे चलत्चित्रपट काढले. कागदावर उडी शोभून दिसते, कारण तेथे चित्र स्थिर असते. पडद्यावर मात्र उडी मारणारा, खाली येणारा आणि पुन्हा उडी मारणारा माणूस विचित्र दिसू लागला. त्यापेक्षा त्याला सरळ उडविणे सोपे आणि देखणे होते. साधन बदलले, त्याबरोबर वीराची शक्ती बदलली. पुढे चित्रकथांतही तो उडू लागला, आणि त्यानंतरच्या पिढ्यांना वाटले की तो जन्मापासूनच उडत होता.

त्याच्या लाल चड्डीचेही तसेच. त्या काळी सर्कशीतील पहिलवान घट्ट विजारीवर आखूड चड्डी घालीत. बलवान माणूस म्हटला की लोकांना तोच पोशाख आठवे, म्हणून चित्रकाराने तो दिला. सर्कशी मागे पडल्या आणि नव्या वाचकाला त्या चड्डीचा अर्थच लागेना. २०११ मध्ये ती काढण्यात आली. जुन्या चाहत्यांना ते रुचले नाही. २०१८ मध्ये, ॲक्शन कॉमिक्सच्या १००० व्या अंकात, ती परत आली. तेव्हा दोन्ही सुपरमॅन खरे होत, मात्र आपापल्या काळापुरते. असेच उत्तर त्या विद्यार्थ्याला द्यावे लागले.

वर्मस्थान कशासाठी?

शक्ती वाढली की एक अडचण उभी राहते. ज्याला कशानेच काही होत नाही त्याच्याबद्दल काळजी कोण करणार? काळजी नसेल तर पुढचे पान कोण उलटणार? म्हणून वीर जितका बलवान तितके त्याला वर्मस्थान अधिक आवश्यक ठरते. जगातील जुन्या कथाकारांना हे पक्के ठाऊक होते. फिरदौसीच्या शाहनाम्यातील इस्फंदियारला कोणतेही शस्त्र लागत नाही, पण त्याचे डोळे उघडे आहेत. सीमुर्ग पक्ष्याच्या सल्ल्याने रुस्तम तेथेच बाण मारतो. कर्णाची कवचकुंडले दान दिली गेली तेव्हाच त्याचा मृत्यू जवळ आला. ग्रीक वीर अकिलिसच्या टाचेची गोष्ट तर जगभर माहीत आहे. गंमत अशी की होमरच्या जुन्या काव्यात त्या टाचेचा उल्लेख नाही. ती गोष्ट शेकडो वर्षांनंतरच्या, रोमन काळातील लेखनात येते. म्हणजे वर्मस्थानही मागाहून चिकटविले जाते!

सुपरमॅनच्या बाबतीत हेच घडले. ज्या खनिजापुढे तो हतबल होतो ते क्रिप्टोनाइट १९३८ च्या कथेत नाही. ते १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आले आणि छापील चित्रकथेत १९४९ मध्ये शिरले. नंतर त्याचा इतका अतिरेक झाला, लाल, निळे, सोनेरी असे इतके प्रकार निघाले, की १९७१ मध्ये लेखकांनी पृथ्वीवरील सर्व क्रिप्टोनाइटचे एका कथेत लोखंड करून टाकले. अर्थात काही काळाने ते परत आले. १९८६ मध्ये जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने वीराची कथा पहिल्यापासून मांडली आणि त्याची अतोनात वाढलेली शक्ती कमी केली. शक्ती वाढविणे, तिला वर्म शोधणे, वर्माचा कंटाळा आला की ते काढणे आणि शेवटी शक्तीलाच कात्री लावणे, असा हा रहाटगाडग्याचा फेरा आहे.

पालकांनी एक घटना मुद्दाम ध्यानात ठेवावी. १९५४ मध्ये अमेरिकेत चित्रकथांमुळे मुले बिघडतात अशी ओरड झाली. संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःच कडक नियमावली स्वीकारली. त्यानंतर कितीतरी वर्षे वीरांच्या कथांतील रक्तपात आणि गुन्हेगारी सौम्य झाली, आणि त्या जागी अद्भुत, विनोदी, कधी कधी अगदी बालिश प्रसंग आले. पालकांच्या चिंतेनेदेखील वीर बदलतो तो असा.

शाईचा महिमा

काही बदलांमागे मोठा विचार नसतो. केवळ छापखाना असतो. मे १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क नावाचा राक्षसी वीर राखाडी रंगाचा होता. परंतु त्या काळच्या स्वस्त छपाईत राखाडी रंग प्रत्येक पानावर सारखा उमटेना. कोठे काळपट, कोठे फिका. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा करण्यात आले. आज हल्क म्हणजे हिरवा, हे लहान मूलही जाणते. त्या हिरव्या रंगाला कारण एवढेच, की राखाडी शाई बरोबर बसत नव्हती.

फँटमची कथा याहून मनोरंजक आहे. लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत ती सुरू केली. रोजची चित्रे काळी-पांढरी असल्यामुळे पोशाखाच्या रंगाचा प्रश्न नव्हता. फॉक यांच्या मनात राखाडी रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा पोशाख जांभळा छापला गेला आणि तोच कायम झाला. पण तेवढ्याने संपत नाही. स्वीडनमध्ये तो निळा आहे. इटलीत तो लाल आहे. तुर्कस्तानात त्याचे नावच 'लाल मुखवटा' या अर्थाचे आहे. एकच माणूस, चार देशांत तीन रंग! प्रत्येक देशातील वाचक आपल्याच रंगाला खरा मानतो.

वेताळ मुंबईत येतो

आता आपल्या घरचा इतिहास. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिला अंक फँटमचा होता. इंग्रजीबरोबर देशी भाषांतूनही ती निघू लागली, त्यांत मराठीही होती. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत तिचे ८०० हून अधिक अंक निघाले. या संस्थेच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आजोबांनी ते अंक एकमेकांकडून उसने घेऊन, पाने निखळेपर्यंत वाचले आहेत.

मराठीत फँटमला नाव मिळाले 'वेताळ'. हे केवळ भाषांतर नव्हे. आपल्या खेड्यापाड्यांतील समजुतीनुसार वेताळ हा भुतांचा राजा. गावाच्या वेशीपाशी शेंदूर लावलेला त्याचा दगड असतो, रात्री तो फिरतो, दुष्टांना धाक घालतो आणि गावाची राखण करतो. मूळ कथेतल्या फँटमच्या अंगात कोणतीही दैवी शक्ती नाही. तो साधा हाडामांसाचा माणूस आहे. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा आणि तोच पोशाख चढवितो, आणि चारशे वर्षे हे चालू राहिल्याने लोकांना वाटते की तो अमर आहे. त्याची खरी शक्ती लोकांच्या समजुतीत आणि त्या कपड्यांत आहे. 'वेताळ' या एका शब्दाने मराठी वाचकाला ती समजूत आपोआप पुरविली. नाव बदलले आणि पोशाखाला अर्थ आला.

आणखी बदल झाले. मूळ कथेतील प्रदेशाचे नाव 'बंगाली' होते आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग'. भारतीय वाचकाला ही दोन्ही नावे खटकणारी होती. आपल्याच एका प्रांताला जंगल म्हणावे आणि आपल्या बांधवांच्या नावाने दरोडेखोर ओळखावेत, हे कोणाला रुचेल? इंद्रजालच्या संपादकांनी प्रदेशाचे 'डेंकाली' केले आणि चाच्यांचे 'सिंगा' केले. एक-दोन अक्षरांचा फरक! परंतु त्या अक्षरांत स्वतंत्र देशाचा स्वाभिमान होता.

लोथारचे कपडे

इंद्रजालमध्ये जादूगार मँड्रेकही येत असे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या या कथेत त्याचा सोबती लोथार हा आफ्रिकेतील एक राजपुत्र. बळाने जगात पहिल्या रांगेतला. परंतु सुरुवातीला त्याच्या अंगावर बिबट्याचे कातडे, डोक्यावर गोंड्याची तुर्की टोपी आणि तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी असे. मालक उंची सुटाबुटात आणि राजपुत्र कातड्यात! १९६५ मध्ये चित्रकार बदलला. तोपर्यंत आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र झाले होते आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिक हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते. लोथारचे कातडे गेले, अंगात नीटस कपडे आले आणि तो व्यवस्थित बोलू लागला. फँटमच्या कथेतही पुढे त्या प्रदेशाला लोकांनी निवडलेला आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष लाभला.

मित्रांनो, लोथारचे बळ तेव्हाही तितकेच होते आणि नंतरही तितकेच. बदलली ती त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी. कोणाच्या अंगात कोणते कपडे घालावयाचे आणि कोणाच्या तोंडी कोणती भाषा द्यावयाची, हे लेखणी आणि कुंचला धरणारा ठरवितो. ज्यांच्या हाती लेखणी नसते त्यांच्या अंगावर दुसरेच कोणी कातडे चढवितात. या लेखात मला सांगावयाचे आहे ते मुख्यत्वे हेच.

कुर्ता आणि जीन्स

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये एक नवा वीर आला. त्याचे नाव बहादूर. त्याचे जनक आबिद सुरती. त्यांचा जन्म १९३५ चा, गुजरातमधला. बालपण मुंबईच्या डोंगरी भागात गेले आणि कलेचे शिक्षण जे. जे. कलाशाळेत झाले. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती.

बहादूरला मुखवटा नाही, झगा नाही, दैवी शक्ती नाही. वर कुर्ता आणि खाली जीन्स, हा त्याचा पोशाख. १९७६ च्या भारतात शहरातला कोणताही महाविद्यालयीन तरुण असाच दिसे. घरचे आणि बाहेरचे दोन्ही अंगावर घेऊन. त्याच्या जोडीची बेला ही केवळ शोभेची नायिका नव्हती. ती कराटेत तरबेज होती. बहादूरचे वर्मस्थानही खनिजात नव्हते. त्याचा बाप दरोडेखोर होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला होता. ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारले त्यानेच मुलाला सांभाळले. सूड घ्यावा की समाजाचे रक्षण करावे, ही त्या मुलाच्या मनातील झुंज होती. त्याने गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारले. १९७२ मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायण यांच्या आवाहनानंतर शस्त्रे खाली ठेवली होती. ती बातमी त्या वेळच्या वाचकांच्या मनात ताजी होती. म्हणून हा वीर त्यांना आपला वाटला.

त्याच सुरतींनी उतारवयात, २००७ मध्ये, आणखी एक काम आरंभिले. मुंबईजवळच्या मीरा रोड येथे ते रविवारी नळदुरुस्ती कारागिराला बरोबर घेऊन घरोघर जात आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून देत. थेंब थेंब वाचला तर पाणी वाचेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. आपण मराठवाड्यातील माणसे पाण्याची किंमत जाणतो. वीराची शक्ती कोणत्या रूपात येईल याचा नेम नाही. कधी ती पान्याच्या रूपातही येते.

कमला खानची निवड

शेवटचे उदाहरण अलीकडचे आहे आणि ते आपल्या मुलींसाठी आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेत कमला खान हिची चित्रकथा सुरू झाली. ती जर्सी सिटीत राहणाऱ्या, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी. संपादिका सना अमानत यांच्या शाळकरी वयातील आठवणींतून ही कल्पना निघाली, जी. विलो विल्सन यांनी ती लिहिली आणि एड्रियन अल्फोना यांनी काढली.

कमलाला रूप आणि आकार बदलण्याची शक्ती मिळते, तेव्हा ती प्रथम काय करते? ती आपल्या आवडत्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या वीरांगनेचे रूप घेते. तेच केस, तेच तोकडे कपडे, तेच उंच बूट. परंतु त्या वेषात ती अवघडून जाते. तिच्या ध्यानात येते की दुसऱ्याचा चेहरा लावून आपले काम होणार नाही. मग ती आपला स्वतःचा चेहरा ठेवते आणि घरात असलेल्या, अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखातून, बुर्किनीतून, आपला वेष शिवते. शक्ती तिला आधीच मिळालेली असते. आत्मविश्वास मात्र आपल्या चेहऱ्यात परतल्यावर येतो. २०२२ मध्ये तिच्यावर पडद्यासाठी मालिका निघाली. तेथे शक्तीचे रूप पुन्हा बदलले. आता ती घरातल्या जुन्या कंगनातून, प्रकाशाच्या रूपाने प्रकट होते, आणि तिचा पोशाख तिची आई तिच्या हाती देते. साधन बदलले की शक्ती बदलते, हा सुपरमॅनचा नियम इथेही लागू पडला.

तात्पर्य

वाचकहो, आता सारांश सांगतो. वीर बदलतो त्याची कारणे आकाशातून पडत नाहीत. कधी शाई बसत नाही म्हणून, कधी कागदावरून पडद्यावर जावे लागते म्हणून, कधी कथेत रंगत राहत नाही म्हणून, कधी पालक आणि कायदा हरकत घेतात म्हणून, आणि कधी कोणीतरी समाज मान वर करून म्हणतो की आम्हाला असे दाखवू नका, म्हणून. पहिल्या चार कारणांसाठी कारागिरी आणि व्यवहार पुरतो. पाचव्यासाठी शिक्षण लागते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी एखादी चित्रकथा हाती घ्याल किंवा चित्रपट पाहाल तेव्हा चार प्रश्न वहीत लिहून काढा. हा वीर प्रथम कोणत्या साली आला? तेव्हा त्याचा वेष आणि बळ काय होते? आज काय आहे? मधला बदल कोणाच्या हातून आणि कशामुळे झाला? या चार प्रश्नांची उत्तरे शोधता आली तर शिवकालीन पत्र असो, मोगल फर्मान असो की आजची वृत्तपत्रातील बातमी असो, तुम्हाला कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

पालकांना एक नम्र विनंती. मुलाच्या हातातील चित्रकथा एकदम हिसकावून घेऊ नका. एकदा त्याच्याजवळ बसून ती वाचा. त्यात अनिष्ट असेल ते दाखवून द्या. चांगले असेल तर त्याला विचारा की तुला असा वीर काढावयाचा झाला तर त्याला कोणते कपडे घालशील? आपल्या शहरातल्या गल्लीबोळांत, हिमरूच्या मागावर, एस. टी. स्थानकावर, दवाखान्यात आणि शाळेत काम करणाऱ्या कोणाला तू वीर करशील? मुलगी असेल तर हा प्रश्न तिला आधी विचारा.

सीगल आणि शूस्टर यांनी आपला सुपरमॅन अवघ्या १३० डॉलरना विकून टाकला. प्रकाशकांनी त्यावर अमाप पैसा मिळविला, आणि जनकांची नावे सन्मानाने छापली जाण्यास व त्यांना निवृत्तिवेतन मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. तेव्हा मुलांनी चित्र काढावयास शिकावे, लिहावयास शिकावे, आणि ज्या कागदावर सही करावयाची तो नीट वाचावयासही शिकावे. लेखणी, कुंचला आणि व्यवहारज्ञान ही तिन्ही हाती आली की आपल्या वीराने कोणते कपडे घालावेत, हे दुसऱ्या कोणाला ठरवावे लागणार नाही.